‘रटल्स’ : नभोवाणीच्या विडंबनातील एक कल्पित गायकवृंद

विडंबन मूळ कृतीच्या आश्रयाने जगते, हे साहित्यशास्त्रातील सर्वमान्य मत होय. परंतु मूळ कृतीवर कोणाचा तरी स्वामित्वहक्क असतो, तेव्हा या आश्रयाचे मोल द्यावे लागते काय, हा प्रश्न उद्भवतो. ‘रटल्स’ या कल्पित इंग्रज गायकवृंदाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

समुद्रातील जहाजांवरून चालणाऱ्या चोरट्या नभोवाणी केंद्रांना १९६७ च्या कायद्याने पायबंद बसला, आणि ३० सप्टेंबर १९६७ रोजी बी.बी.सी.ने लोकप्रिय संगीतासाठी ‘रेडिओ वन’ हे केंद्र सुरू केले. या केंद्रावरच १९७३-७४ मध्ये एरिक आयडल यांनी ‘रेडिओ फाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम सादर केला. ध्वनिमुद्रिकांच्या मधून मधून येणारे प्रहसनांतील बहुतेक सर्व आवाज त्यांचेच होते. कल्पित केंद्राची ही कल्पना १९७५ मध्ये ‘रटलंड वीकएंड टेलिव्हिजन’ या मालिकेच्या रूपाने चित्रवाणीवर आली. ज्या रटलंडच्या नावाने हे केंद्र चालत असे, त्याचे स्वतंत्र परगणा म्हणून अस्तित्व १९७४ मध्येच संपुष्टात आले होते. या मालिकेत ‘बीटल्स’ची नक्कल करणारे ‘रटल्स’ प्रथम अवतरले. त्यांची गीते नील इनिस यांनी रचिली.

२२ मार्च १९७८ रोजी अमेरिकेत ‘रटल्स’वरील चित्रपट चित्रवाणीवरून दाखविण्यात आला, गीतांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. तेव्हा ‘बीटल्स’च्या गीतांचे हक्क बाळगणाऱ्या ए.टी.व्ही. म्युझिक या संस्थेने हरकत घेतली. मूळ गीते पुन्हा न ऐकता केवळ स्मरणाच्या आधारे आपण रचना केल्या, असे इनिस यांचे प्रतिपादन होते. अखेर तडजोड होऊन त्यांना स्वामित्वधनाचा निम्मा वाटा सोडावा लागला.

या तडजोडीचे मर्म ‘स्मरण’ या शब्दात आहे. नभोवाणीने तीच गीते वारंवार ऐकवून श्रोत्यांच्या मनात एक सामायिक ठेवा निर्माण केला होता. तो ठेवा परिचित नसता, तर श्रोते हसलेच नसते. आणि नक्कल इतकी हुबेहूब नसती, तर हक्कधारकांनी तिची दखलही घेतली नसती. विडंबनाचे यश आणि त्याचा दंड या दोहोंचे कारण एकच होते. ऐकलेले गीत श्रोत्याच्या स्मृतीचा भाग झाल्यावर ते कोणाचे, या प्रश्नाला तडजोडीने व्यवहारापुरते उत्तर दिले. तत्त्वतः तो अनिर्णितच राहिला.