नांगराची निशाणी आणि अंगठ्याचा ठसा : खानदेशातील ओळखखुणेचा मागोवा

जळगाव अथवा धुळे येथील एखाद्या कार्यालयात लिपिक संगणकासमोर बसतो, कळफलकाच्या किंवा माऊसच्या कडेस बसविलेल्या लहानशा काचेवर बोट टेकवितो, आणि यंत्र त्यास तत्काळ प्रवेश देते. परवलीचा शब्द आठवण्याचेही त्यास कारण पडत नाही. ही सोय नवी आहे खरी. परंतु समोरचा मनुष्य तोच आहे हे कशावरून मानावे, हा तिच्यामागील प्रश्न फार जुना होय. खानदेशाच्या कागदपत्रांत या प्रश्नाची उत्तरे कशी पालटत गेली, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मराठेशाहीतील महजर व करारपत्रे पाहिली म्हणजे पहिले उत्तर दृष्टीस पडते. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाचे चिन्ह कागदावर उमटवी. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, शिंप्याची कात्री. आणि लिहिता येणाऱ्या कुळकर्ण्या-देशपांड्यांचीही दौत-लेखणी. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ असल्यामुळे येथील अभ्यासकास अशा कागदांसाठी दूर जावे लागत नाही. आता, पुरावा म्हणून नांगराचे चित्र अगदीच दुबळे आहे. एक नांगर दुसऱ्यासारखाच दिसतो, आणि पुष्कळदा तो काढणारा हात लेखकाचाच असे. तरीही तो चाले, याचे कारण त्या चित्रात नसून त्याच्या भोवती बसलेल्या गोतात होते. ही निशाणी अमक्याची, हे पाटील, बलुतेदार व शेजारी जाणत; तंटा पडल्यास त्यांनाच विचारले जाई. ओळख ही गावाची साक्ष होती, आणि ती देणाऱ्यास उलट प्रश्न करता येत असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ज्याचा शब्द गावात हलका, त्याची निशाणीही हलकी, हे सांगावयास नकोच.

1818 मध्ये खानदेश इंग्रजी अमलाखाली आल्यावर कागद गावच्या सभेतून उठून दिवाणी न्यायालयात गेला. तेथील न्यायाधीशास कुणबी ठाऊक नाही, गोत ठाऊक नाही. त्याच्यापुढे फक्त खत. सावकाराच्या कारकुनाने काढलेल्या नांगराचा अर्थ तेथे निराळाच झाला. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच हिसकावून जाळली, यावरून कागदाविषयीचा त्यांचा संशय कळून येतो. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने खते नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावीत अशी तजवीज केली. परंतु तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता, खानदेश त्याबाहेर राहिला.

दुसरे उत्तर बंगालातून आले. जंगीपूर येथे 1858 मध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. गाल्टनचा बोटांच्या ठशांवरील ग्रंथ 1892 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 1897 मध्ये कलकत्त्यास ठसे-कार्यालय स्थापन झाले. तेथील वर्गीकरण एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेले. त्यासाठी खपलेले अझीझुल हक व हेमचंद्र बोस हे मात्र दीर्घकाळ पडद्याआड राहिले. 1899 मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांविषयी तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले. नांगर गेला आणि ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द आले.

या पालटात एक गोष्ट सहज निसटते. नांगर अक्षरशत्रूचा असला तरी तो धंदा सांगत होता, म्हणून त्यात कमीपणा नव्हता. अंगठा काहीच सांगत नाही. सही करता येत नाही एवढेच तो सांगतो. ‘अंगठेबहाद्दर’ ही कुचेष्टा त्यातूनच जन्मली. ज्यांचे नाव 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठास देण्यात आले त्या बहिणाबाई चौधरी यांनाही लिहिता येत नव्हते, हे त्या शब्दाचा वापर करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

तिसरे उत्तर यंत्राचे. बोटावरील रेषा जेथे संपतात किंवा दुभंगतात त्या जागांचा नकाशा यंत्र करते आणि साठविलेल्या नकाशाशी ताडून पाहते. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये ठसे-वाचक असलेला कळफलक व माऊस यांचा संच बाजारात आणला. महत्त्वाच्या माहितीच्या रक्षणासाठी तो वापरू नये, असे त्या कंपनीनेच सांगितले होते. पुढे 2013 मध्ये आयफोनमध्ये ही सोय आली आणि ती सर्वत्र रुळली. अशा रीतीने निरक्षराची खूण साक्षराची किल्ली झाली.

याच काळात खानदेशास अनपेक्षित स्थान लाभले. 29 सप्टेंबर 2010 रोजी पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील शहादे तालुक्यात, टेंभली या आदिवासी वस्तीच्या गावी देण्यात आले. (नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता.) दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांचे चित्र व चेहऱ्याचे छायाचित्र यांवर ही ओळख उभी आहे.

परंतु लिपिकाचे बोट आणि शिधावाटप दुकानातील मजुराचे बोट यांत मोठे अंतर आहे. लिपिकाचे बोट न जुळल्यास तो परवलीचा शब्द टंकतो आणि कामास लागतो. रावेर-यावलकडे केळीचा चीक व माती यांत राबणाऱ्या, कापसाच्या बोंडांच्या टोकांनी बोचलेल्या हातांवरील रेषा झिजतात, चिरतात. वृद्धांच्या तर पुसटच होतात. यंत्राने नाही म्हटले की मागे धान्य आहे. बुबुळाचा, भ्रमणध्वनीवरील संकेतांकाचा असे पर्याय नियमांत आहेत. तथापि ज्याच्याजवळ भ्रमणध्वनी नाही त्यास संकेतांक कोठून यावा? 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायदा बहुतांशी वैध ठरविला, आणि ओळख न पटल्यामुळे कोणी लाभास मुकू नये अशी अपेक्षाही नमूद केली. ही अपेक्षा पुरी करावयाची तर कोणा माणसानेच पुढे होऊन ‘हा तोच’ असे म्हणावे लागते. म्हणजे महजरातील साक्षीदार पुन्हा हवा झाला, पण त्याच्यासाठी आता कागदावर निश्चित जागा उरलेली नाही.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील दुय्यम निबंधक कार्यालयांत अंगठ्यांची जुनी नोंदपुस्तके असतील, तसेच बोट न जुळल्यामुळे अन्य मार्गाने धान्य दिल्याच्या नोंदीही कोठे ना कोठे ठेवल्या जात असतील. इतिहास विभागाने ही दोन्ही प्रकारची साधने रद्दीत जाण्यापूर्वी तालुकावार पाहावीत. यंत्राने कोणाचे हात ओळखले नाहीत, त्यांचा धंदा कोणता आणि त्यांच्याकरिता शब्द कोणी टाकला, हे त्यांतूनच कळेल. यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत धंद्याचा रकाना नसतो.