बारावफात, अनंत चतुर्दशी आणि शाळेची हजेरी

२०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे मुंबईत ईद-ए-मिलादचा जुलूस बारा रबीउलअव्वलला निघाला नाही. २८ सप्टेंबर २०२३ ला बारावफात आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या. विसर्जनाच्या गर्दीत ताण नको म्हणून खिलाफत कमिटीने जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी दिली. २०२४ मध्ये १६ सप्टेंबरची सुट्टी १८ ला गेली, २०२५ मध्ये ५ ची ८ ला. हे शेवटचे दोन बदल मुंबई शहर आणि उपनगरापुरते होते, म्हणजे माहुलही त्यात आले.

याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. हिजरी महिना चंद्राचा, पंचांगातला महिनाही चंद्राचा. त्यामुळे बारावफात नेहमी शुद्ध पक्षाच्या शेवटाकडेच येते. पंचांगात अधिक मास घालतात, हिजरीत घालत नाहीत, एवढाच फरक. २०२३ च्या अधिक श्रावणाने रबीउलअव्वल आणि भाद्रपद जुळले, २०२६ च्या अधिक ज्येष्ठाने त्यांची जोडी सुटली.

जुलूस पुढे नेणे शहाणपणाचे होते, यात मला शंका नाही. पण जुलूस रस्त्यावरचा, नियाज घरातली. ती बाराव्या तारखेलाच होते, आणि त्या दिवशी सरकारी कॅलेंडरप्रमाणे शाळा चालू! शिवाय त्याच वर्गात दुसरे मुस्लिम मूल असते, ज्याच्या घरी मिलाद साजराच करत नाहीत. त्याला ‘तुमचा सण ना आज?’ म्हणून उभे केले की ते बिचारे गोंधळते.

सार्वजनिक सुट्टीचा कायदा तरी कुठे घरात डोकावतो? तो १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंड्या-धनादेशांचा! नारळी पौर्णिमा तर त्या यादीतही नसते. ८ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत तिची स्थानिक सुट्टी मिळाली ती सरकारी कार्यालयांना. माहुलच्या कोळीवाड्यात मात्र सुट्टी असो-नसो, त्या दिवशी नारळ समुद्राला जातोच.

संविधानाचे कलम २८(३) याहून घराच्या जवळ येते. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतल्या धार्मिक उपासनेला अल्पवयीन मुलाला बसवायचे तर पालकांची संमती लागते. पाटीपूजनाला हे लागू, तसेच मिलादच्या कार्यक्रमालाही. पण संमती विचारायची तर आधी घर माहीत हवे. जूनमध्ये प्रवेशाच्या कागदांसोबत एक चिठ्ठी द्यावी: तुमच्या घरी कोणते दिवस पाळता, आणि कोणत्या कार्यक्रमाला मुलाला बसवू नये? धर्माचा रकाना भरून घेण्यापेक्षा वर्गशिक्षकाला ही चिठ्ठी जास्त उपयोगी पडेल.