सहीपुरता हक्क

तेरेखोल नदी ओलांडून जुळणाऱ्या सोयरिकी आपल्याकडे नव्या नाहीत. आरोंद्याची लेक पेडण्यात सून होऊन येते, डिचोलीची लेक दोडामार्गात नांदायला जाते. दोन्ही तीरांवर बोली जवळची, गाऱ्हाणे तेच, ओटी भरण्याची रीतही तीच. बदलतो तो कायदा. एकाच आईच्या दोन लेकी नदीच्या दोन बाजूंना दिल्या, तर घरच्या जमिनीशी त्यांचे नाते निराळे ठरते. हे नाते कसे घडले आणि घराघरांत त्याचे काय झाले, हा इतिहास आपल्या सर्वांच्या घरचा आहे.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे मुलूख पोर्तुगीजांकडे उशिरा गेले. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ते ताब्यात आले, त्यांत पेडणे १७८८ मध्ये. ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात धर्म आणि रूढी यांना हात लावणार नाही, असे सरकारने कबूल केले होते. पुढे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्याला लागू झाली आणि घरच्या मालमत्तेचा हिशेबच बदलला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. आईबापांच्या वारशात मुलगा आणि मुलगी समान. मृत्युपत्र करायचे, तर स्वतःच्या मालमत्तेच्या निम्म्याहून अधिक भाग मुलांना डावलून देता येत नाही. घर किंवा जमीन विकायची, तर कागदावर बायकोची सही हवी.

उदाहरण घेऊ. सामायिक मालमत्तेत एक कुळागर आहे, त्याचे बारा भाग करू. बाप वारला, मागे बायको, दोन मुलगे व एक मुलगी. मृत्युपत्र नसेल, तर सहा भाग बायकोचे. हे सहा भाग तिला वारसा म्हणून मिळत नाहीत. ते लग्नापासून तिचेच असतात. उरलेले सहा तिन्ही मुलांत दोन-दोन. ‘बाईला पोसायचे’ ही भाषाच या हिशेबात बसत नाही.

मात्र याच कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सामायिक मालमत्तेचा कारभार संहितेने नवऱ्याच्या हाती ठेवला. १८८० मध्ये सरकारने हिंदूंच्या रूढी-रिवाजांना कायद्याचे रूप दिले. त्यात बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरी बायको करण्याची मुभा होती. मुलगा न होणे हा जणू बाईचाच गुन्हा! त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून सगळे दोष बाईच्याच माथी मारणाऱ्या समाजाला जाब विचारला. गावकरीच्या व्यवस्थेतही तेच. उत्पन्नातला ‘जोण’ हा वाटा पुरुष गावकरांचा. लेक त्याच गावची, पण ती गावकर नव्हे.

नदीपलीकडे सावंतवाडी संस्थानात जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीवर जन्माने हक्क मुलग्यांचा. विधवेच्या वाट्याला मुख्यतः अन्नवस्त्र. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला, पण जन्मसिद्ध हक्क मुलग्यांकडेच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला तो हक्क दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. देशभर ही समानता आली ती २००५ मध्ये. म्हणजे कागदावर पेडण्याची लेक आरोंद्याच्या लेकीपेक्षा शतकभर पुढे होती.

कागदावर! घरात काय झाले? कायद्याने बाईच्या सहीला किंमत दिली, आणि घराने त्या सहीचाच उपयोग करून घेतला. बाप हयात असताना त्याच्या वारशावरचा हक्क सोडता येत नाही. म्हणून दिवसकार्ये आटोपली की कागद पुढे येतो. ‘तुझ्या लग्नाला खर्च केला’, ‘तुला तुझे घर आहे’, ‘जमिनीचे तुकडे कशाला?’ अशी वाक्ये ठरलेली. कुणी धाक घालत नाही. तसे करायची वेळच येत नाही. बहिणीला ठाऊक असते की वाटा मागितला तर माहेर तुटेल. उद्या सासरी काही बिनसले तर पाठ टेकायला तेवढाच एक उंबरठा. त्या भीतीपोटी ती नोटरीपुढे हक्क सोडते, आणि पुढे तिच्या समजूतदारपणाचे कौतुक होते. भावाने सही करून वाटा सोडला, तर त्याला मात्र लोक भोळा म्हणतात.

सासरच्या अर्ध्या वाट्याचेही तसेच. विक्रीखतावर सही करायला बायकोला गाडीत घालून नेतात. किंमत किती ठरली, पैसे कुठे जाणार, हे तिला तिथे पोहोचल्यावर कळले तर कळते. आणि ज्या घरांना जमीनच नव्हती, तिथे अर्धा वाटा कशाचा? पेडण्यात, डिचोलीत भाटकाराची जमीन कसणारी कुळे पुष्कळ. १९७६च्या दुरुस्तीने कुळाला मालकी मिळण्याचा रस्ता मोकळा झाला. गुडघाभर चिखलात लावणी केली ती बायकांनी, कापणीलाही त्याच. पण कुळ म्हणून नाव लागले ते बहुधा घरच्या पुरुषाचे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी ही संहिता टिकली. पोर्तुगालने स्वतः १९६७ पासून नवी संहिता लागू केली. आपण जुनीच चालवली. २०१६ मध्ये वारसाहक्काचा नवा गोवा कायदा अमलात आला, त्यातही वाट्यांची ही मूळ मांडणी राहिली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान नागरी कायद्याचे उदाहरण म्हणून गोव्याची वाखाणणी केली. त्या कौतुकाचा आपल्याला अभिमान वाटावा, यात गैर नाही. पण कायदा चांगला असला म्हणून घर न्यायी होते असे नाही, हे गोव्याच्या दीडशे वर्षांनी पुरेसे दाखवले आहे.

कुणी म्हणेल, यामुळे भावाबहिणींत वितुष्ट येईल. बहिणीने वाटा घेतलाच पाहिजे, असेही नाही. विचारपूर्वक, सगळा हिशेब समजून तिने तो सोडला, तर तो तिचा निर्णय. पण कागद आधी तिच्या हाती द्यावा, तो तिला वाचू द्यावा, बारा भागांतले तिचे किती ते सांगावे, आणि ‘नको’ म्हणण्याची मोकळीक ठेवावी. नकार दिला तरी माहेरचा दरवाजा उघडाच राहील, हा शब्द भावाने आधी द्यायचा आहे. भाऊबीजेच्या तबकात टाकायला याहून मोठी ओवाळणी नाही.