अवयवाचे मोल

मोटारीच्या धक्क्याने मनुष्याचा हात गेला, तर त्या हाताचे मोल किती, हा प्रश्न ऐकावयास निर्दय वाटतो. तथापि न्यायासनास तो नित्य सोडवावा लागतो. आपल्या देशातील त्याच्या उत्तराचा इतिहास पाहिला असता, कायद्याची दृष्टी अपराध्यावरून जखमीकडे कशी वळत गेली, हे ध्यानात येते.

इंग्लंडातील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर १८५५ साली येथे झालेल्या कायद्याने अपघातात मृत झालेल्याच्या कुटुंबीयांस भरपाई मागता येऊ लागली. पुढे रस्त्यांवर मोटारी आल्या, तेव्हा जखमीस दिवाणी न्यायालयात चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. मोठ्या कष्टाने हुकूमनामा मिळविला, तरी मोटारमालक निष्कांचन निघाल्यास तो नुसता कागदच राहावयाचा! म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइतास होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा केला, व ती तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली. आणि १९८२ साली तर, कोणाची चूक सिद्ध न होताही, मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये द्यावेत, असे ठरले.

देणार कोण, हे अशा रीतीने निश्चित झाले. किती द्यावयाचे, हा वाद उरला. डॉक्टरांनी लिहिलेला अपंगत्वाचा शेकडा म्हणजेच कमाईतील तूट असे यांत्रिकपणे धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. डावा हात तुटलेला सुतार जवळजवळ सर्व कमाईस मुकतो. कारकून कदाचित आपल्या जागेवर टिकून राहतो. जखम एकच, पण नुकसान निराळे.

हे तत्त्व आता विशेष स्मरणात ठेवावयास हवे. २०१९ च्या दुरुस्तीने विमा कंपनीच्या अधिकाऱ्यास न्यायाधिकरणापुढे ३० दिवसांत तडजोडीची रक्कम देऊ करण्याची वाट करून दिली आहे. वर्षानुवर्षे खेटे घालण्यापेक्षा ही त्वरा बरी, यात संशय नाही. परंतु महिन्याभरात हाड सांधत नाही, आणि मोडलेला हात पुन्हा रंधा धरील की नाही, हे तर त्याहूनही उशिरा कळते. औषधपाण्याच्या कर्जाने गांजलेला मनुष्य अशा वेळी मिळेल त्या रकमेवर सही करावयास तयार होतो. विलंब हा अन्याय खराच. पण नुकसान कळण्यापूर्वीच केलेला हिशेब हाही न्याय नव्हे.