टॉकीज : एक शब्द आणि काही वास्तू

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या पश्चिम टोकास असलेल्या चौकाचे अधिकृत नाव लोकमान्य टिळक चौक असे आहे. नगरवासी मात्र त्यास 'अलका टॉकीजचा चौक' म्हणतात. नीलायम पुलाची कथाही अशीच. चित्रपटगृहांच्या इतिहासकाराने ह्या लोकव्यवहारातील नोंदी गौण मानू नयेत. इमारत पाडली जाते, तिचे कागद रद्दीत जातात. नाव मात्र लोकांच्या तोंडी दीर्घकाळ टिकते.

प्रारंभी ही गृहे नाटकांची होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला, आणि संगीत नाटकाच्या वैभवकाळास आरंभ झाला. पुढे मूकपट आला तेव्हा त्याने नवी परिभाषा सोबत आणली नाही. नाट्यगृहाचीच उसनी घेतली. नाटकाचा 'खेळ' तोच तमाशाचा, तोच सिनेमाचा. स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकांचा 'पिट' नाटकातून सिनेमात जसाच्या तसा आला. 'चित्रपट' ह्या शब्दातील 'पट' म्हणजे वस्त्र. पडदा आणि चित्र ह्यांचा संबंध पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेमुळे मराठी मनास अपरिचित नव्हताच.

मंडईनजीकचे 'आर्यन' हे पुण्यातील पहिले चित्रपटगृह १९१५ मध्ये सुरू झाले. ते १९८३ मध्ये बंद पडले. स्थित्यंतराचा खरा पुरावा मात्र त्याच्यापेक्षा इतर नावांत सापडतो. 'विजयानंद' हे मूळचे नाट्यगृह, पुढे चित्रपटगृह झाले. किर्लोस्कर नाट्यगृहाचे 'वसंत टॉकीज' झाले. आणि ज्यास आज 'विजय' म्हणतात त्याचे जुने नाव होते 'लिमये नाट्यचित्रमंदिर'. ह्या एका समासात नाट्य व चित्र शेजारी शेजारी नांदतात. मालकाने रंगभूमी सोडली नव्हती आणि पडद्यासही नाकारले नव्हते, हे त्या नावावरून सरळ वाचता येते. (असे नाव ठेवणाऱ्याच्या व्यवहारचातुर्यास दाद द्यावीशी वाटते.)

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला. पुढील वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. बोलपटास इंग्रजीत 'टॉकी' म्हणत. मराठीने त्याचे अनेकवचन घेतले, ते एकवचनी केले, आणि चित्रपटाऐवजी तो जेथे दाखवतात त्या वास्तूस लावले. इंग्रजीत ह्या शब्दाचा मूळ अर्थ मागे पडला. येथे वास्तूचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या टिकला. लिंगाबाबत मात्र अद्याप एकमत नाही : 'टॉकीज बंद झाली' आणि 'बंद झाले' ही दोन्ही रूपे ऐकू येतात, दुसऱ्यात 'गृह' अथवा 'थिएटर' ह्या शब्दांचे नपुंसकलिंग डोकावते.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली. तिचे नाव धारण करणारे 'प्रभात' हे गृह १९३४ मध्ये अप्पा बळवंत चौकानजीक उभे राहिले. वास्तू इंदूरच्या किबे घराण्याची. भाडेपट्टा संपल्यावर २०१४ अखेर ते बंद झाले आणि २०१५ मध्ये 'किबे लक्ष्मी' ह्या नावाने पुन्हा उघडले. जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात ते 'प्रभात'च राहिले आहे.

येथवरचा इतिहास शहराचा झाला, कारण तो वास्तूंचा आहे. पुण्याच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर, चेलाडी फाट्यावरून आत वळले की नसरापूर लागते : १९४८ पर्यंत भोर संस्थानात असलेले बाजाराचे गाव, शेजारी नानासाहेब पेशव्यांचे बनेश्वर. अशा गावांच्या प्रेक्षकाचा इतिहास इमारती मोजून लिहिता येत नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण सिनेमा बहुतांशी तंबूत नांदला. मालमोटारीतून प्रक्षेपक यायचा, बहुधा मोटारीतच बसवलेला. जत्रेच्या माळावर कनात उभी राही. ध्वनिवर्धकावरून दवंडी दिली जाई. प्रेक्षक जमिनीवर बसत. पंचांगातील जत्रांच्या तिथी हेच त्या धंद्याचे वेळापत्रक होते. जत्रा उठली की चित्रपटगृहही उठे, आणि मागे उरत ती खुंट्यांची भोके. ह्या जगाचा मावळतीचा काळ २०१६ च्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ह्या माहितीपटात टिपला गेला आहे.

ह्या तंबूंनी शहरातील 'टॉकीज' हे नाव बिनदिक्कत उचलले; 'टूरिंग टॉकीज' म्हणजे फिरती वास्तू, हा व्याघात कोणासही खटकला नाही. १९५३ च्या मुंबई सिनेमा (नियमन) अधिनियमाच्या चौकटीत फिरत्या सिनेमासही परवाना लागे. परवाना ठरावीक मुदतीचा, म्हणून त्याचे दप्तरही अल्पायुषी. तेव्हा भोर-वेल्ह्याकडे ह्या विषयाचे संशोधन करणाऱ्याने गावात 'येथे थिएटर होते का?' असे विचारून परत फिरू नये. 'तंबू कोणत्या माळावर पडे?' असे विचारावे, आणि उत्तरात माळाचे जे नाव येईल ते लिहून घ्यावे.