गाणाऱ्याच्या मागची पेटी

महाराष्ट्रांतील गवयास ‘आपला सूर कोणता?’ असें विचारलें, तर ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असें उत्तर मिळतें. ज्या वाद्यास परकें म्हणून पंडितांनीं सदैव नांवें ठेविलीं, त्याच्याच पट्ट्यांनीं आमच्या गळ्यांचें मोजमाप व्हावें, हा त्या वाद्याचा केवढा विजय! परंतु हा विजय कोण्या एका पेटीचा नव्हे. गाण्याच्या साथीस कोणती पेटी घ्यावी, हा प्रश्न संगीत रंगभूमीपुढें पुनःपुन्हां आला, आणि प्रत्येक वेळीं कांहीं मिळविण्यासाठीं तिला कांहीं गमवावें लागलें.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला, आणि मराठी नाटक गाण्यावर उभें राहिलें. ध्वनिक्षेपक त्या काळीं नव्हता. रात्र चढत जाई, प्रेक्षागृह गच्च भरलेलें असे, आणि नटाचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावा लागे. अशा ठिकाणीं एकट्या सारंगीचा जीव तो किती! शिवाय पदांमागून पदें चालू असतां मध्येंच तारा जुळवीत बसण्यास सवड कोठली? पेटीचे पितळी सूर एकदां लावले म्हणजे रात्रभर निर्धास्त. मंडळ्यांच्या व्यवहारी दृष्टीला हें प्रथम दिसलें असल्यास नवल नाहीं.

हार्मोनियमचें पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यानें १८४२ मध्यें घेतलें. तें वाद्य पायांनीं भाता चालविण्याचें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकीन’ पेढीनें जमिनीवर बसून वाजविण्याजोगी हातपेटी प्रचारांत आणली. बैठकीच्या गवयाला ती सोयीची झाली. पण तिच्यांत एक हात भात्यापाशीं अडकतो. पायपेटींत दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून रंगभूमीनें पायपेटीच जवळ केली. गोविंदराव टेंब्यांसारखा कसलेला पेटीवादक १९११ सालीं ‘मानापमाना’चीं पदें बांधावयास बसला, आणि ठुमरी-दादऱ्याच्या उत्तरेकडील ढंगाच्या चाली मराठी रसिकांच्या ओठांवर खेळूं लागल्या.

त्यानंतर ऑर्गन आला. हार्मोनियमचा भाता वारा पितळी सुरांतून बाहेर ढकलतो, तर या ऑर्गनचा भाता तो आंत ओढून घेतो. भेद एवढाच, पण त्यामुळें आवाजाची धार जाऊन त्याला गोलाई येते. बालगंधर्वांच्या गळ्याला ही गोलाई मानवली. गंधर्व मंडळींत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी साथ असे. येथें सारंगी सुटली नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्टीला कशी साधावी? ऑर्गननें सुराला पाया द्यावा आणि सारंगीनें मधल्या जागा भराव्या, अशी ही वांटणी होती. ऑर्गनचें धूड मात्र गांवोगांव वाहून न्यावें लागे, तें वेगळेंच.

पेटीचा खरा दोष तिच्या जुळणींत आहे. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर शुद्ध गांधार षड्जापासून ३८६व्या भागावर येतो. पेटींतील गांधार ४००व्या भागावर असतो. तंबोऱ्यांत स्वयंभू गांधार ऐकलेल्या कानाला हा चढेपणा खुपतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्या साहाय्यानें श्रुतींची पेटी लंडनमध्यें तयार करविली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिचें प्रदर्शन झालें. विद्वानांत वाद माजला; रंगभूमी मात्र आपल्या बारा पट्ट्यांवरच राहिली. शास्त्र देवलांच्या बाजूस होतें, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु धांवत्या तानेमागें जाणाऱ्या बोटांना जास्त पट्ट्यांची अडचणच व्हावयाची.

आकाशवाणीनें १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आपलें दार बंद केलें, आणि १९७१ मध्यें तें अंशतः उघडलें. एवढ्या अवधींत नाट्यगृहांतून व घराघरांतून पेटी हटली नाहीं, ही गोष्ट बहिष्कार घालणाऱ्यांना विचार करावयास लावणारी होती.

पुढें विजेवर चालणारीं वाद्यें आलीं. १९५९ मध्यें अमेरिकेच्या वुर्लित्झर कंपनीनें ‘साइड मॅन’ हें ताल धरणारें यंत्र काढलें, आणि कालांतरानें ताल व स्वर एकाच पेटींत नांदूं लागले. आजच्या अरेंजर कीबोर्डवर डाव्या हातानें स्वरमेळ दाबला, कीं ढोल, खर्जाचे सूर आणि तंतुवाद्यें आपोआप चालूं लागतात. यामाहानें भारतीय बाजारासाठीं तबल्याचे ठेकेहि घातले. अनेक कीबोर्डांत प्रत्येक पट्टीचा सूर निराळा चढवितां-उतरवितां येतो. देवलांनीं ज्यासाठीं एवढा खटाटोप केला, तें काम आतां कळ दाबून होतें! पण रंगभूमीवरील वादकाची नजर नटाच्या ओठांवर असे. नट एखाद्या शब्दावर रेंगाळला, तर ऑर्गन थांबे, तबला थांबे. यंत्राचा ठेका त्या शब्दासाठीं आपण होऊन थांबत नाहीं. गाणाऱ्यालाच त्याच्या मागून जावें लागतें. लग्नसमारंभांत हें खपून जातें, आणि एकट्या वादकाला त्याचा मोठा आधारहि होतो. नाट्यगीतांच्या मैफलींत मात्र हें वाद्य साथीस आलें, तर जाणता वादक प्रथम त्यांतील ठेका बंद करतो, ऑर्गनचा आवाज निवडतो, आणि मग गाणाऱ्याकडे पाहतो.