करवतीची किंमत

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी होतो. वारा पडल्यावर दार उघडून पाहिलं, तर वाडी ओळखू येईना. पोफळी मोडून आडव्या झालेल्या, जुना आंबा गोठ्यावर कोसळलेला आणि रस्ता झाडांखाली गडप. पुढे कित्येक दिवस गावात एकच आवाज होता, पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा. आमच्याकडे तिला कुणी ‘कटर’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘मशीन’.

आमच्या आळीत अशी दोन मशिनं होती. एक वर्षभरापूर्वी स्वस्तात घेतलेलं, दुसरं पंचवीस वर्षांचं जुनं. तिसऱ्या दिवशी दोन्ही बंद पडली. मिस्त्री आले, दोन्ही उघडून बसले. जुन्याच्या कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक झाला होता. तो बदलला आणि दीड तासात मशीन सुरू. नव्याच्या पिस्टनवर ओरखडे उठले होते. मिस्त्री म्हणाले, “काका, ह्याचा पार्ट मिळत नाही. मिळाला तरी मजुरी धरून मशीनच्या किमतीला जाईल. नवंच घ्या.”

वर्षाचं मशीन भंगारात आणि पंचवीस वर्षांचं कामावर, हे कसं? ‘पूर्वीचं लोखंडच वेगळं होतं’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण या करवतीचा इतिहास वाचला, तेव्हा उत्तर लोखंडात नाही, किमतीत आहे असं माझ्या ध्यानात आलं.

गंमत म्हणजे साखळीच्या करवतीचं पहिलं काम लाकूड कापण्याचं नव्हतंच. जर्मनीतल्या बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास दातेरी साखळी हाताने फिरवणारं एक उपकरण बनवलं. ते होतं शस्त्रक्रियेत हाड कापण्यासाठी! जंगलात हे यंत्र पोचलं शंभर वर्षांनी. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंद्रेआस श्टील आणि एमिल लेर्प या दोन जर्मन तंत्रज्ञांनी लाकूडतोडीच्या करवती बाजारात आणल्या. श्टील यांची १९२९ ची पेट्रोल करवत सुमारे ४६ किलोंची होती. दोन टोकांना दोन माणसं धरत.

ती एका माणसाच्या हातात यायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. १९५० मध्ये श्टीलची एकहाती करवत आली, १६ किलोंची. १९५९ च्या ‘कॉन्ट्रा’ या मॉडेलचं वजन १२ किलोंवर आलं. दरम्यान दोन मोठ्या सुधारणा झाल्या होत्या. जुन्या कार्बोरेटरमध्ये तरंगता गोळा असे, त्यामुळे इंजिन तिरकं केलं की बंद पडे. त्या जागी रबरी पडद्याचा कार्बोरेटर आला आणि करवत कशीही धरता येऊ लागली. दुसरी सुधारणा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये लाकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती डावीउजवीकडे आळीपाळीने कुरतडत होती. त्यावरून त्याने साखळीचे दाते डावे-उजवे बनवले. आजही जगभर जवळजवळ त्याच धाटणीची साखळी वापरतात.

इथवर गिऱ्हाईक कोण, तर रोज झाडं तोडणारा माणूस. करवत महाग होती, पण तिच्यावर त्याचं पोट होतं. बंद पडली की मजुरी बुडे. म्हणून ती उघडता येईल अशीच बांधलेली असे.

मग १९७३ चं तेलसंकट आलं. इंधन महागलं, अमेरिकेत घरोघरी लाकडाच्या शेगड्या पेटल्या आणि वर्षातून चार दिवस लाकडं फोडणाऱ्या माणसालाही करवत हवीशी झाली. त्याला ती स्वस्त हवी होती. कारखानदारांनी मग दोन वाटा केल्या. रोजच्या कामाच्या करवतीचं इंजिन मॅग्नेशियमच्या मजबूत कवचात बसवलेलं. हौशी माणसाची करवत प्लास्टिकच्या सांगाड्याची, आत इंजिन एकसंध अडकवलेलं. ते जोडायला सोपं, म्हणून स्वस्त. पण लहानशा कामासाठीही सगळं बाहेर काढावं लागतं.

ही विभागणी एकाच कंपनीच्या दरपत्रकात दिसे. श्टीलचं ‘एमएस २९०’ हे मॉडेल ५६ घनसेंटिमीटरचं, तर ‘एमएस २६०’ जेमतेम ५० चं. तरी महाग होतं ते लहान इंजिनाचं २६०! कारण ते जवळजवळ एक किलोने हलकं होतं आणि रोजच्या कामासाठी बांधलेलं होतं. जास्त पैसे ताकदीचे नव्हते, बांधणीचे होते.

किमतींच्या या झटापटीत जुनी नावंही गळाली. अमेरिकेतली मॅककलक कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. होमलाइट आधी एका कंपनीकडे, मग दुसरीकडे विकली गेली. नाव टिकलं, पण ज्याच्याकडे जुन्या भागांची खोकी रचलेली असत तो दुकानदार अनेक ठिकाणी नाहीसा झाला.

मात्र जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. करवत अचानक उसळून अंगावर येते, तेव्हा साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याआधीच्या कित्येक मशिनांना तो नाही. सततच्या थरथरीने लाकूडतोड्यांची बोटं पांढरी पडत, बधिर होत; दांड्यांना रबराचे धक्काशोषक बसले तेव्हा तो त्रास कमी झाला. शिवाय जुन्या टू-स्ट्रोक इंजिनातून पाव भाग, कधी त्याहून जास्त पेट्रोल न जळताच बाहेर पडे. अमेरिकेत १९९० च्या दशकात यावर नियम आले, तेव्हा आधी ताजी हवा आत घेऊन मग मिश्रण सोडणारी इंजिनं बनली. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासूनच्या नव्या लहान पेट्रोल यंत्रांवर जवळजवळ बंदीच आली आहे.

या सुधारणांची एक बाजू मिस्त्रीला कळते. नवी इंजिनं कमी पेट्रोलवर, जास्त तापून चालतात. कार्बोरेटरचे स्क्रू ठरावीक मर्यादेपलीकडे फिरत नाहीत. कुठे बारीकशी चीर पडून जादा हवा आत शिरली, तर पिस्टन काही मिनिटांत ओरबाडला जातो. त्यात आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. जुने पडदे आणि नळ्या त्याने कडक होतात आणि उभ्या मशीनच्या टाकीत ओलावा धरतो. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करावी आणि उरलेलं पेट्रोल मशीन चालवून संपवावं. एवढ्यानेही निम्मी दुरुस्ती वाचते.

सांगायचा मुद्दा असा, की करवत घेताना आपण दुकानातली किंमत बघतो. खरी किंमत ती बंद पडते त्या दिवशी कळते. एवढंच विचारावं, की हिचा पडदा, नळी, पिस्टन दहा वर्षांनी मिळेल का आणि जवळपास ती उघडणारा कुणी आहे का?

वादळाच्या त्या आठवड्यात रस्ता मोकळा केला तो जुन्या मशीनने, असं लोक म्हणतात. मला वाटतं, तो मिस्त्रींच्या खिशातल्या त्या रबरी पडद्याने मोकळा केला. त्यांचा मुलगा आता शहरात नोकरी करतो. पुढच्या वादळात मशीन उघडायला कोण येईल, हा प्रश्न मी त्यांना अजून विचारलेला नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)